शेवटखारचा दुसरा धक्का

"मॅडम, माझ्याकडे एक धक्का जास्तीचा आहे," समोर बसलेली मुलगी म्हणाली, "आणि एक बाई गेलेली आहे."

काळुराम चहा गाळत होता. त्याचा हात थांबला.

पेणच्या रामवाडीतल्या टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या म्हणजे मृणाली घरतची कचेरी. पूर्वी ती विमा कंपनीत दाव्यांची छाननी करायची. गेली सहा वर्षं स्वतःच्या हिमतीवर खाजगी तपास करत होती. काळुराम रेल्वेतून ट्रॅकमन म्हणून निवृत्त झालेला. बायको गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा तो इथे येऊन बसू लागला. बसता बसता तिचा मदतनीस झाला.

मुलीचं नाव भूमिका. भूकंपाचे नकाशे करणाऱ्या एका संशोधन गटात ती कामाला होती. गेल्या शनिवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी पेण-रोह्याकडची जमीन हलली होती. नुकसान किरकोळ. फक्त खाडीकाठच्या शेवटखार गावात भिंत कोसळून विमलबाई नावाची अडुसष्ट वर्षांची विधवा दगावली होती.

"नकाशा करता कसा तुम्ही?" मृणालीनं विचारलं.

"यंत्रं थोडीच असतात. मधल्या गावांचं काय? तिथल्या लोकांना आम्ही विचारतो. फोनवर एक फॉर्म असतो. कुठे होतात, किती वेळ हललं, आवाज आला का, काय पडलं. यंत्र आकडा देतं, उरलेलं माणसं सांगतात. दोन्ही जुळवलं की कुठे किती हललं ते दिसतं."

काळुरामला तो फॉर्म ठाऊक होता. त्या दुपारी फळीवरचे पेले खणखणले, तेव्हा त्यानं सवयीनं मागं वळून पाहिलं होतं. 'तुला पण कळलं का गो?' असं विचारायला तिथं कोणी नव्हतं. संध्याकाळी कुणीतरी फॉर्म पाठवला, तो त्यानं बसून पुरा भरला. त्यात एक प्रश्न होता : 'जवळच्या माणसांना जाणवला का?' खाली तीन पर्याय. हो. नाही. जवळ कोणी नव्हतं. त्यानं तिसऱ्यावर बोट ठेवलं होतं.

भूमिकानं दोन कागद टेबलावर पसरले.

"शेवटखारच्या शाळेत आमचं यंत्र आहे, विमलबाईंच्या घरापासून साठेक पावलांवर. चार बाराला हा मोठा धक्का. आणि चार एकवीसला हा छोटा. मी त्याला मागाहूनचा धक्का समजले. पण बाकी एकाही यंत्रावर तो नाही."

"म्हणजे तो जमिनीखालून आलाच नाही," मृणाली म्हणाली. "वरून काहीतरी पडलं."

"भिंत. भूकंपानंतर नऊ मिनिटांनी." भूमिकानं दुसरा कागद पुढे केला. "आणि हा विमलबाईंचा फॉर्म. चार वीसला आला. शाळा त्याच झाडायच्या, म्हणून मी त्यांना भरायला शिकवलं होतं."

मृणालीनं मोठ्यानं वाचलं. "घरात होते. अर्धा मिनिट डुलल्यासारखं. आवाज नाही. जवळच्या माणसांना जाणवला, हो. भिंतीला तडे, नाही." तिनं कागद खाली ठेवला. "पोलिस काय म्हणतात?"

"तडकलेली भिंत, कधीही पडते."

"पण तडा नव्हता, असं ती म्हणते."

भूमिकानं कागदाची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाली, "भूकंप नसतानाही त्यांचे फॉर्म यायचे. जवळून ट्रक गेला तरी. शेरा लिहायच्या रकान्यात एकदा लिहिलं होतं, 'तू परत कधी येशील?' मी उत्तर दिलं नाही. असे फॉर्म आम्ही बाजूला काढतो."

चहा कोणीच प्यायला नाही.

*

शेवटखार म्हणजे रस्ता संपतो ते गाव. पुढे मिठागरं, बांध आणि खाडी. दुपारी माणसं कामावर गेली की आळीत चिटपाखरू नसतं. विमलबाईचं घर अगदी टोकाला.

मागच्या पडवीची जांभ्याची भिंत आत पडली होती. मृणाली बाहेरच्या बाजूनं पायाशी वाकली. खालच्या थरातल्या एका दगडाला ताजा, खोल खड्डा पडला होता.

"काळुरामकाका, ही खूण कशाची?"

काळुरामनं जन्मभर रुळांखाली तेच हत्यार घातलं होतं. "पहारेची. खाली घालून उचकटलंय."

पहार परसातच शेवग्याला टेकून उभी होती.

मृणाली शेजारच्या रंभाकडे गेली. रंभा पन्नाशीची, बोलायला मोकळी. मृणालीनं तिला आपण कोण ते सांगितलं आणि भूमिकाच्या फॉर्मवरचेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. काळुरामला नवल वाटलं.

"भूकंप झाला तेव्हा कुठं होतात?"

"मिनीडोरमधी. पेणच्या बाजारातून येत व्हते."

"काय जाणवलं?"

"मना काय बी जाणवलं नाय. पाचला घरी आले, तं हिची भिंत पडलेली. मीच हाका मारल्या." रंभानं पदर तोंडाला लावला. "मागल्या पडवीत काय करत व्हती, तं फोन. सगल्या घरात रेंज नाय, तिथंच कोपऱ्यात मिलते. रोज तिथंच बसायची. कोनाचा फोन यायचा नाय, तरी बसायची."

"भेटायला कोण यायचं?"

"भाचा, विशाल. रोह्याला कंपनीत हाय. आईबाप नाय त्याला, हिनंच वाढवला. सुट्टीला येतो आन् एकच धोशा, रोह्याला चल. ही नाय म्हनायची. जल्म हितं गेला, मरन पन हितंच."

बाहेर पडल्यावर काळुराम हळूच म्हणाला, "ताई, सगळा तालुका हलला आणि हिला काहीच कळलं नाही?"

"काका, तुम्ही खड्ड्यांच्या रस्त्यानं तीनचाकी मिनीडोरमधून जात असता, तर तुम्हाला कळलं असतं?"



जितेश मिठागराच्या बांधावर भेटला. त्याचं परस विमलबाईच्या परसाला लागून. पडवी माझ्या जागेत आलीय, एक दिवस पाडून टाकीन, असं तो चारचौघांत बोलला होता. तेही त्यानं लपवलं नाही.

"बोललो, व्हय. बोलतो मानूस. शनिवारी मी हितंच, खाडीचं पानी अडवायच्या उघाडीच्या दारापाशी व्हतो. बांध डोलला. अर्धा मिनिट तरी. होडीत बसल्यागत पोटात ढवललं. मिठाच्या कोंडीतलं पानी काठावरून सांडलं."

"आवाज?"

"आवाज कायच नाय. फोनवर तो फारम आला, तो बी भरला हितंच बसून."

मृणालीनं भूमिकाला फोन लावला. जितेशचा फॉर्म चार बावीसला आला होता, ठिकाण बांधावरचंच. तिथून आळीपर्यंत चिखलातून पंचवीस मिनिटांची वाट.

"फोन इथं ठेवून गेला असेल," काळुराम म्हणाला.

"मग फॉर्म कोणी भरला? चिखलातल्या चिंबोऱ्यांनी?"

*

रोह्याला विशालची खोली डोंगराच्या पायथ्याशी, काळ्या कातळावर बांधलेल्या चाळीत तळमजल्यावर होती. तिशीचा, अशक्त दिसणारा मुलगा. डोळे सुजलेले. मावशीचा फोटो त्यानं अजून हार न घालता खुर्चीवरच ठेवला होता.

"शनिवारी सुट्टी होती. इथंच झोपलो होतो," तो म्हणाला. "सव्वापाचला रंभाकाकूचा फोन आला, तसा निघालो."

"धक्क्यानं जाग आली?"

"हो."

"कसं वाटलं?"

विशालनं डोळे मिटले. या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला कष्ट पडले नाहीत. "हळूहळू. झोपाळ्यासारखं. थांबतच नव्हतं. आवाज काही नाही, नुसतं डुलत होतं. पिंपातलं पाणी हिंदकळून खाली आलं."

"बरोबर कोणी होतं?"

"नाही. एकटाच असतो मी."

भिंतीला भिंत लागून पूजाची खोली. लेकराला कडेवर घेऊन ती दारात आली.

"धाडकन आवाज झाला हो. कंपनीत काय फुटलं वाटलं. भांडी खडखडली नि संपलं. दोन सेकंद. मी बाहेर येईपर्यंत काही नव्हतंच."

चाळीतल्या आणखी चौघांनी तेच सांगितलं. काळुरामनं ते सगळं नीट वहीत उतरवलं, आणि परतीच्या वाटेवर म्हणाला, "माझ्या मते जितेशच. राग त्याचाच होता."

मृणालीनं त्याच्या हातातून वही घेतली आणि पूजाचं उत्तर पुन्हा वाचलं.

*

रविवारी शेवटखारच्या शाळेत रंभा, जितेश आणि विशाल आले. नकाशा दाखवायचा आहे, असा निरोप होता. पेणच्या ठाण्यात मृणालीनं आधीच कळवलं होतं. गाडी निघाली होती. भूमिकानं नकाशा फळ्यावर लावला. खाडीकाठ लाल, डोंगराकडचा भाग पिवळा.

"विमलबाई चार वीसपर्यंत जिवंत होत्या," मृणालीनं सुरुवात केली. "त्यांचा फॉर्म त्या वेळी पोचला. भिंतीला तडा नाही, असं त्यांनी लिहिलं. चार एकवीसला भिंत पडली. शाळेतल्या या यंत्रानं तो दणका नोंदवला. पायाशी पहारेची खूण आहे आणि दगड आत पडलेत. भिंत बाहेरून कोणीतरी पाडली."

जितेश उठून उभा राहिला. "मी नाय."

"तुम्ही नाही. एक मिनिटानं तुम्ही बांधावरून फॉर्म पाठवलात. आणि रंभाताई मिनीडोरमध्ये होत्या. खोटं बोलायचं असतं, तर जाणवलं असंच त्या म्हणाल्या असत्या. सगळ्या तालुक्याला जाणवलं होतं."

तिनं विमलबाईचा फॉर्म हातात घेतला.

"या बाई एकट्या राहायच्या. आळी रिकामी. तरी 'जवळच्या माणसांना जाणवला का' याला त्यांचं उत्तर 'हो' आहे. जवळ कोणी नव्हतं, असा पर्याय त्याच्याच खाली होता. एकट्या माणसाचं बोट तिथं जातं."

काळुरामनं वर पाहिलं नाही.

"म्हणजे धक्का बसला तेव्हा घरात त्यांच्यासोबत कोणीतरी होतं. आणि तसं कोणीही पुढे येऊन सांगितलेलं नाही." ती भूमिकाकडे वळली. "हा भाग लाल का?"

"इथं खाली खोलवर चिखल आहे," भूमिका म्हणाली. "चिखलावर जमीन सावकाश आणि लांबवर डुलते. रोह्याची ती चाळ कातळावर आहे. तिथं फटका बसतो आणि संपतो. केंद्र नागोठण्याच्या बाजूला होतं, दोन्हीकडून सारख्याच अंतरावर. फरक फक्त जमिनीचा."

"रोह्याच्या यंत्रावर किती वेळ?"

"तीन सेकंदांच्या आत."

"पूजा दोन म्हणाली. चाळीतले बाकीचेही दोन-तीन म्हणाले, आणि सगळ्यांनी आवाज ऐकला. एकट्या विशालला मात्र आवाज नाही, लांब डुलणं, हिंदकळलेलं पाणी. जितेश बांधावरून सांगतो तेच. विमलबाईंनी लिहिलं तेच." मृणालीचा आवाज चढला नाही. "विशाल, कुठे होतास ते तू खोटं सांगितलंस. कसं हललं ते मात्र खरं सांगितलंस. रोह्याचा भूकंप तुला माहीतच नव्हता."

विशालनं नकाशावरच्या लाल भागाकडे पाहिलं.

"आम्ही दोघं चहा पीत होतो," तो म्हणाला. "हललं, तसा तिनं माझा हात धरला. थांबल्यावर हसायला लागली. मी म्हटलं, आता तरी चल. घर धोक्याचं झालं. ती म्हणाली, बघ, एक तडा तरी गेलाय का. मी चिडून निघालो. ती ओट्यावर येऊन बसली. मी गाडी काढली, आळीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत फिरलो, मागच्या वाटेनं. वाटलं, पडवीची एक भिंत पडली तर येईल. भूकंपानं पडली म्हणेल कोणीही."

"ती ओट्यावरच आहे, असं वाटलं तुला."

"देवाशपथ. आत जाऊन ती पडवीत फोन घेऊन बसली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मग?"

"भिंत पडली. ओरडणं ऐकू आलं. दोन दगड काढले. हात दिसला." तो थांबला. "बोटं हलत होती."

रंभा हुंदका दाबत भिंतीला टेकली. भूमिकानं डोळे मिटून घेतले.

"मी पळालो. का ते मला सांगता येत नाही. गाडी चालू केली आणि थेट रोहा." त्यानं मृणालीकडे पाहिलं. "ताई, तिला एकटीला राहू द्यायचं नव्हतं म्हणून केलं मी हे."

"आणि पाऊण तास तिला एकटीलाच ठेवलंस," मृणाली म्हणाली.

जितेश आधी बाहेर पडला. रंभा त्याच्यामागून गेली, विशालच्या बाजूला न बघता. मृणाली भूमिकाला घेऊन पोलिसांची वाट बघत रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. गाडी वाटेत भरतीच्या पाण्याशी अडली होती. अर्धा तास लागणार होता.

विशाल शाळेच्या पायरीवर येऊन बसला. आळीतली माणसं लांबून बघत होती. जवळ कोणी येत नव्हतं.

काळुराम दारात उभा होता. या पोरानं काय केलं ते त्यानं आत्ताच ऐकलं होतं. तरी तो पुढे झाला, गुडघ्यावर हात टेकून सावकाश वाकला आणि पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसला. दोघांमध्ये एका माणसाची जागा रिकामी राहिली. गाडी येईपर्यंत तो तिथून हलला नाही.