मूळश्वास

आडवणच्या मातीत आता पावलोपावली बी होतं, आणि त्यातलं एकही उगवणार नव्हतं. किनाऱ्यालगत सहापदरी रस्ता आखला गेला, तेव्हा सरकारनं आखणीच्या दोन्ही अंगांना ही मोहरीएवढी यंत्रं पेरली. माती किती ओल धरते, किती वायू सोडते, बेडूक कधी ओरडतात, हादरे कुठवर पोचतात, हे सगळं ती टिपत. या साऱ्याच्या मिळून होणाऱ्या लयीला शास्त्रज्ञ ‘भूश्वास’ म्हणत, आणि काम सुरू होण्याआधीच्या निवांत जमिनीचा श्वास तो ‘मूळश्वास’. कायदा सरळ होता. मूळश्वासापासून जमीन मर्यादेपलीकडे ढळली, तर ढळवणाऱ्यानं निघून जायचं. रस्ता असो, कारखाना असो.

गाव असो, एवढं मात्र तेव्हा कुणी मोठ्यानं वाचलं नव्हतं.

कुमुद घाडी या नोंदींवरची शास्त्रज्ञ, आणि आडवणची माहेरवाशीण. बियांच्या मोजणीवरून रस्ता नामंजूर झाल्याचे पेढे गावानं खाल्ले. तोंड गोड होतं तोवरच बियांनी दुसरा दोषी कळवला: आडवण. ही बातमी कुमुदनं मागच्या पडवीत सगुणआतेला सांगितली.

“आमी?” बांगडे साफ करता करता आते थांबली. “आमी काय केला गो?”

“जमीन सलग तीन दिवस शांत सापडली की यंत्रं आपणहून मूळश्वास मोजतात, आते. बाकी गावांत वर्ष वर्ष सापडली नाही. इथे लगेच सापडली.”

“खयचे दिस ते?”

“गावपळणीचे.”

आते खळखळून हसली, मग हसू जागीच राहिलं. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन आडवण पळतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर माळावर. गावात चूल नाही, दिवा नाही. तीन दिवसांनी पुन्हा कौल लावायचा, पाषाणावरचं फूल उजवीकडून पडलं की देवानं ‘या’ म्हटलं असं समजून परतायचं. यंत्रांना यातलं काय ठाऊक?

“म्हंजे तेंका वाटला, आमी हंय नसतवच?”

“हो. म्हणून तुमची चूल, पंप, कोंबडा, सगळं नुकसानीत धरलंय.”

“मगे सुधार मेल्या चुकीक! इतक्या शिकलंस ता कित्याक?”

“माझ्या सहीनं मोजणी रद्द होते. पण मग नवा मूळश्वास तुम्हाला धरून मोजतील. मिक्सर, ट्रॅक्टर, गणपतीतले लाउडस्पीकर. एवढ्या गलक्यात रस्ता आरामात बसतो. तो वरचा सडा, ते कातळाचं पठार, फोडणार, आणि सड्यात मुरतं तेच पाणी तुमच्या विहिरीत येतं.”

“आणि नाय सुधारलंस तर?”

“तर गावानं मर्यादेत राहायचं. नाहीतर उठायचं.”

आतेनं हात धुतले, पदराला पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

“एक सांग. आमी परत इलाव, त्या दिसाक जमनीचा कायतरी बरा झाला आसतला. थोडा तरी?”

कुमुदला नोंदींचा पडदा उघडायची गरज नव्हती. तो चौथा दिवस तिनं कितीदा तरी चाळला होता, नेमकं हेच शोधत. गावाच्या सांडपाण्यानं एखादं गवत तरतरलं असेल, कुणी पाखरू दाण्याला उतरलं असेल. बेडूक गप्प झाले होते. ओल उतरली होती.

“नाही, आते.”

“एक पण गजाल नाय?”

“नाही.”

“देवाक इचारलाव. तो ‘येवा’ म्हणालो.” आते परसाकडे बघत राहिली. “जमनीक कोणीच इचारूक नाय. रवांदे गो. सुधारू नको.”

गावकीतही तेच ठरलं. आडवण मर्यादेत राहायला शिकलं. कोंबडे विकले गेले, भजन ओठांतल्या ओठांत आलं, पाच घरांत मिळून एक चूल पेटू लागली. कुमुदच्या पडद्यावरची रेषा हळूहळू खाली उतरली. खात्यानं ‘आदर्श गाव’ म्हणून फलक पाठवला. ठोकायला नको म्हणून तो सुंभानं बांधला.

पुढच्या वर्षी शेजारची सून बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली, तेव्हा कुमुद तिथेच होती. उंबऱ्यात आतेनं भाकरतुकडा ओवाळला. बाळानं डोळे मिटून घेतले आणि सगळ्या अंगानिशी टाहो फोडला.

आतेचा हात चटकन त्याच्या तोंडावर गेला. इतक्या मायेनं, इतक्या सरावानं, की कुणाला वावगं वाटलं नाही. बाळाच्या आईनं फक्त आत येऊन दार लावून घेतलं.