बांधणाऱ्याची गाठ

रंभाच्या गुडघ्याचं ऑपरेशन तसं किरकोळच. पनवेलच्या छोट्याशा दवाखान्यात सकाळी पाठीत सुई दिली, कमरेखालचं अंग बधिर केलं, टाके घातले आणि तिला खाटेवर आणून निजवलं. "उठून बसायचं नाही. दुपारपर्यंत पाय जागे होतील," डॉक्टर म्हणाले.

पाटी डोक्यावर घेऊन दारोदार मासळी विकणाऱ्या बाईला पाय म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. ती सारखी अंगठे हलवायला बघत होती.

दुपार कलली, तरी पाय जागे होईनात. डॉक्टर टोचून बघून गेले. "बधिर करण्याच्या औषधानं क्वचित नसांना त्रास होतो. बघू," म्हणाले. घाबरू नका असंही म्हणाले, पण चेहरा त्यांचाच उतरला होता.

ते गेले आणि रंभाला पायांत काहीतरी कळलं. मांडी मेलेली, पोटरी मेलेली, आणि दोन अंगठ्यांभोवती कुणीतरी ओलं सूत आवळत होतं. अगदी सावकाश.

"भावना, माझे पाय बघ गो... कुनी बांधलेत?"

सुनेनं चादर वर केली. सूत कुठंच नव्हतं. पण दोन्ही अंगठे एकमेकांना घट्ट चिकटले होते, आणि तिनं ओढूनही ते सुटेनात.

रंभाला सासूचे पाय आठवले. शिमग्यात सासू वारली, हौसा, तेव्हा मयताचे अंगठे सुतानं बांधले होते ते रंभानंच. त्यांच्या घरची रीत अशी, की मयत उंबऱ्याबाहेर काढताना ती गाठ बांधणाऱ्यानंच सोडायची. रडारडीत ते राहून गेलं. म्हातारी गेली ती पाय बांधलेलीच.

"आये, चुकलं माझं... सोडते गो." पण उठून बसायची बंदी, आणि अंगात बळही नाही. "भावना, तूच सोड. गाठ हाय असं समज नि सोड."

भावनानं घाबरत बोटं फिरवली. अंगठे विलग झाले. रंभाच्या पायांत मुंग्या आल्या, टाच हलली, गुडघा ठणकायला लागला. दुखतंय म्हणून बाई चक्क हसली.

"जा, डाक्टरला सांग. आले पाय."

भावना जागची हलली नाही.

"आई... मला पाऊल टाकता नाय येत."

रंभानं खाटेवरून मान वाकवून खाली पाहिलं. सुनेचे अंगठे एकमेकांना चिकटले होते, आणि त्यांच्याभोवती सुताचा ओला वळ उठत होता. तिला तर कुणी सुई दिलीच नव्हती.