बॅराइटचं वजन

थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षी मी एकोणसाठ वर्षांचा होतो आणि नुकताच वाचायला शिकलो होतो. शिकवलं धाकट्या सुनेने. सराव संग्रहालयात, खनिजांच्या दालनात. तिथली झाडपूस एकवीस वर्षं माझ्याकडे. अक्षर येत नव्हतं तेव्हा मी एकेक दगड तळहातावर तोलूनच जागेवर ठेवायचो.

खिडकीजवळच्या कपाटात बॅराइटचा स्फटिक होता. मधाच्या रंगाचा, पापुद्र्यावर पापुद्रा, मुठीएवढा. पण आकाराच्या मानाने भलताच जड.

नव्या साहेबांनी तपासणी काढली. चिठ्ठीवर आठशे चाळीस ग्रॅम, काट्यावर आठशे सत्तर.

"दगड बदललाय, काका. किल्ली तुमच्याकडेच असते ना?"

"असते. पण चोर नेतो, साहेब. भर कशाला घालेल?"

लिपिक बाई फिसकन हसल्या. साहेब हसले नाहीत. "सोमवारपर्यंत खरा दगड आणा, नाहीतर पोलीस."

किल्ली त्यांनी घेतली. रोज सकाळी ते स्वतः स्फटिक काढून तोलायचे. आठशे नव्वद. नऊशे बत्तीस. काटा दोनदा बदलला.

"साहेबांनी पट्ट्याला नवं भोक पाडलंय, बघितलंत?" बाई कुजबुजल्या.

सोमवारी वरचे अधिकारी आले. मी म्हणालो, "माझे डोळे बांधा." सात दगड एकेक करून हातावर ठेवले. पाचव्याला मी थांबलो.

"हाच. कडेची खोच अंगठ्याला लागते. एकवीस वर्षं पुसलाय मी."

जुना फोटो काढला. खोच तिथेच होती. मग पट्टी सोडून मी चिठ्ठी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली, एकदाही न अडखळता. बाईंनी टाळ्या वाजवल्या. अधिकाऱ्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी छाती काढून घरी गेलो.

"काय बाबा, पास?" सुनेने विचारलं.

"पहिल्या नंबराने!"

दगड हातावर कोमट लागला होता, हे तिला सांगितलं नाही.

साहेबांनी माफी मागितली. तरी रोज सकाळी यायचेच. "एकदाच, काका," म्हणत दोन्ही हातांनी स्फटिक उचलायचे.

पुढे उचलेना. मीच काट्यावर ठेवायचो, ते नुसता हात लावायचे.

एकदा त्यांना सावरायला दंड धरला. कोटाच्या बाहीत काही असल्यासारखं वाटेना.

आठ डिसेंबरला काटा नऊशे नव्वदवर थांबला. आजही तिथेच आहे.

साहेब नऊ डिसेंबरला, बुधवारी सकाळी गेले.