इनव्हॉलंटरी शब्दाचं उदाहरण

पहिल्याच दिवशी तो चुकून माझ्या खुर्चीत बसला आणि तिथेच सगळं बिनसलं. इंग्रजी शब्दकोशाच्या आमच्या कचेरीत तो उदाहरणं लिहायला आला होता. ती तपासून पास-नापास करणारी मी. "उठा," म्हटलं, तर उठताना असा काही हसला की मी टोक असलेल्या पेन्सिलीलाच पुन्हा टोक काढत बसले.

त्याला सहा महिने झाले. आणि आता ही नवी टायपिस्ट! दिवसातून दहा वेळा त्याच्या टेबलाशी. तिचं खिदळणं ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तशी मी त्याची कोण? कोणी नाही. तरी जळत होते, मेलं.

काल दुपारी त्याची चिठ्ठी माझ्याकडे आली. शब्द – इनव्हॉलंटरी. अर्थ – आपल्या इच्छेवाचून घडणारं, ताब्यात नसलेलं. जसं शिंक, उचकी, पापणी लवणं. उदाहरण – 'ती आत आली की मला येणारं हसू इनव्हॉलंटरी असतं.'

ती! रोज उशिरा, झोकात आत येते ती! लाल शाईने 'नापास. कृत्रिम' असं खरडून मी चिठ्ठी त्याच्यापुढे आपटली.

"कृत्रिम?" तो म्हणाला. "मागची बाजू वाचलीत?"

अगं बाई! उदाहरण कुठे, कधी मिळालं ते मागे लिहायचं, हा कचेरीचा नियम. ते वाचल्याशिवाय मी कधी नापास करत नाही… या वेळी रागाच्या भरात उलटूनही पाहिलं नव्हतं.

मागे लिहिलं होतं – 'सकाळी नऊ, दारात. तपासनीस बाई. सहा महिने, रोज.'

माझे कान तापले. "आणि… टायपिस्ट?"

"तिचं लग्न ठरलंय. पत्रिकेचा मजकूर माझ्याकडून तपासून घेते. तुमच्याकडे यायला घाबरते बिचारी… तुम्ही डोळे वटारून बघता ना!" तो मिस्कीलपणे म्हणाला, "की तेही इनव्हॉलंटरी?"

"जळणं होतं," मी म्हटलं. आता लपवायचं तरी काय? "बघणं मात्र मुद्दाम. तिच्याकडे डोळे वटारले, की… वाटेत तुम्ही दिसता."