पहिलवानाची हद्द

मोठ्या टाकीतले मासे एकामागून एक मरत होते. प्रत्येकाचे पर फाटलेले असत. टाकीतल्या सर्वांत लहान, बोटभर काळ्या माशाच्या अंगावर मात्र ओरखडाही नव्हता.

"म्हणजे खुनी हाच!" मत्स्यालय चालवणाऱ्या मामांनी हातजाळे उचलले. "वाम मासा उपाशीच आहे. संध्याकाळी याला त्याच्या टाकीत सोडतो."

"नाही हं, मामा!" सुट्टीला आलेला ढब्बू टाकीला पाठ लावून उभा राहिला. त्या माशाचे 'पहिलवान' हे नाव त्यानेच ठेवले होते.

"काल तुलाच चावला ना रे तो?"

"मी त्याच्या दगडाला हात लावला म्हणून!"

"चावरा असणं हा काही खुनाचा पुरावा नाही," ढब्बूची थोरली बहीण चष्मिष शांतपणे म्हणाली.

"आल्या वकीलबाई! बरं, संध्याकाळपर्यंत शोधा पुरावा."

दालन प्रेक्षकांसाठी बंद होते. अर्धे दिवे मालवले होते. त्या निळसर अंधारात दोघे काचेला नाक लावून बसले. पहिलवान दगडावरचे नको ते शेवाळ उपटून दूर टाकत होता. हवे तेवढेच हिरवळीसारखे राखत होता. कपारीच्या छताला अंड्यांचा पिवळट थर चिकटला होता. मधूनच तो तिथे जाऊन परांनी वारा घालावा तसे पाणी हलवी.

"अगं, हा बाबा आहे!" ढब्बू पुटपुटला. "हा गेला तर अंडी कोण राखणार?"

"आता याची हद्द मोजू," चष्मिष म्हणाली.

मामांच्या मदतीने त्यांनी टाकीतला उरलेला एकमेव मोठा मासा एका पारदर्शक बरणीत घेतला, तोंडाला जाळीदार कापड बांधले आणि बरणी दोरीने पाण्यात सोडली. लांब असताना पहिलवानाने ढुंकूनही पाहिले नाही. बरणी दगडापासून हातभर अंतरावर आली आणि, टक्! त्याने काचेला धडक दिली! बरणी मागे घेताच तो परतला. पुन्हा पुढे, पुन्हा धडक. दर वेळी त्याच जागी!

"मामा, मेलेले मासे कुठे सापडायचे?" चष्मिषने विचारले.

"पलीकडच्या कोपऱ्यात."

"तिथे तर हा फिरकतही नाही!" ढब्बू म्हणाला.

ढब्बूने शेवाळाचा एक धागा त्या कोपऱ्यात सोडला. धागा संथ तरंगला, अचानक वळला आणि दगडांमागे सुळकन नाहीसा झाला. तिथे पाणी ओढणाऱ्या पंपाच्या पाइपाचे तोंड होते. सताड उघडे.

"याला जाळी नसते का?" चष्मिषने विचारले.

 मामांनी फळीवरून एक जाळी काढली. तिच्यावरचे शेवाळ वाळून कोळ झाले होते.

"सारखी तुंबायची. घासायचा कंटाळा आला, म्हणून काढून ठेवली. म्हटलं, उद्या बसवू."

"आणि मासे मरायला लागले ते...?"

"त्यानंतरच."

त्यांनी जाळी घासून जागेवर बसवली आणि मगच बरणीतल्या माशाला हळूच मोकळे केले. हातजाळे खुंटीला टांगले.

"शाब्बास, पोरांनो. मी डोळे असून आंधळा. तुमच्यामुळे हा वाचला."

"बाकीचे नाही वाचले," ढब्बू म्हणाला. 

कारण एवढेच होते: विसाव्याला कोपऱ्यात गेलेले मासे उघड्या पाइपाकडे ओढले जात आणि सुटण्याच्या झटापटीत त्यांचे पर फाटत. पहिलवान वाचला, कारण आपली हद्द सोडून तो तिकडे कधी गेलाच नव्हता.