पांढरीवरची हस्तिदंती बाई

कोरड्या विहिरीच्या तळाशी रामकिसन पालथा पडला होता. गावातली माणसं काठावरून वाकून बघत होती. त्यांच्यापासून लांब, कडुलिंबाच्या बुंध्याशी त्याची बायको गोजरबाई बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"बघा म्याडम," रामकिसनचा धाकटा भाऊ रामप्रसाद हळूच म्हणाला. "नवरा मेला आन् एक टिपूस न्हाई. मी नाव घेत न्हाई कुणाचं. पण तुम्ही समजून घ्या."

उपनिरीक्षक अंबरीन शेख विहिरीकडे वळली. तिचा नवरा नोमान हिवाळ्यात अपघातात गेला होता. तिने सगळं निभावून नेलं, आलेल्यांना जेवू घातलं, रजा संपल्यावर कामावर रुजू झाली. तेव्हापासून माणसांचे आवाज तिला काचेपलीकडून आल्यासारखे ऐकू येत. न रडणारी बाई कशी दिसते, हे तिला रोज आरशात दिसत होतं.

प्रेत वर काढलं. अंगात गडद निळा सदरा. पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, तळहाताएवढे दोन फिकट डाग. अंबरीनने एका डागावर बोट टेकवलं. पिठासारखी माती. विहिरीचा तळ काळ्या पाषाणाचा होता, काठ काळ्या मातीचा. तिने डागांचे फोटो काढून घेतले.

शेताच्या बांधापलीकडे पांढर होती. शेकडो वर्षं माणसं राहून, चुली पेटून, भिंती ढासळून झालेलं राखट मातीचं टेकाड. सध्या तिथे उत्खनन चाललं होतं. रामप्रसाद तिथेच मजुरीला जायचा.

दुपारी अंबरीन गोजरबाईच्या घरी गेली.

"कुणाशी वैर होतं त्यांचं?"

"न्हाई."

"दिराशी?"

"बांधावरून बोलाचाली व्हायची. मंग गप बसायचे दोघंबी."

"गेले काही दिवस कसे होते?"

गोजरबाईने भिंतीकडे बघत सांगितलं. "आधी लई खुश होते. बोअरपासून पाइपलाइनची चारी खांदून राह्यले होते. त्यात कायतरी घावलं म्हणले. दाखवा म्हणलं, तर म्हणले, जिथं द्यायचं तिथं देऊन आलो. मंग परवा पेपर वाचला आन् ताटावरून उठले. काल सकाळी कुणाला तरी फोन लावला. म्हणले, या शेतात, चारी दाखवतो. मी माहेरी गेल्ते. आले तर हे."

"पांढरीवर जायचे का कधी?"

"बिलकुल न्हाई. थितं जुनी माणसं झोपलीत म्हणायचे. ते घावलं त्या दिवशी तेवढं खांदणाऱ्यांच्या तंबूपर्यंत गेल्ते. भाऊजी कामावरून आले तर अंगणात पाय धुवायला लावायचे."

अंबरीनने शेजारून परवाचं वर्तमानपत्र मागवलं. पहिल्याच पानावर फोटो होता. हसनाबादजवळ सापडलेली सातवाहनकाळातली हस्तिदंती मूर्ती, आणि ती हातात धरून उभे असलेले उत्खननप्रमुख डॉ. कल्याण सरोदे.

टेकाडाच्या पायथ्याशी तंबू होता. सरोदे पन्नाशीचे, उन्हाने करपलेले. मूर्ती काचेच्या पेटीत होती. वीतभरही नाही. मधे एक बाई, दोन्ही बाजूंना दोन दासी. वेणीच्या कोरीव पेडांत काजळासारखी काळी माती भरलेली. मधल्या बाईचे पाय घोट्यापासून तुटलेले.

"दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल रोमपर्यंत जायचा, मॅडम," सरोदे म्हणाले. बोलताना त्यांचा चेहरा उजळला. "आपलं भोकरदन म्हणजे तेव्हाचं भोगवर्धन. तिथल्या लोकांनी सांचीच्या स्तूपाला दान दिलंय, दगडावर लेख आहेत. इटलीत पॉम्पेई नावाचं शहर ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. त्या राखेतून भारतात घडवलेली हस्तिदंती बाई निघाली. तिच्याशी मिळतीजुळती बाई भोकरदनलाही निघाली. आणि आता ही."

"नक्की कुठे सापडली?"

"चौथ्या खड्ड्यात, अगदी तळाशी."

"कुणी काढली?"

"मी. मजूर जेवायला गेले होते."

"साफ केली नाहीत?"

"मुद्दामच नाही. आहे तशी प्रयोगशाळेत जाईल."

"रामकिसनला ओळखत होता?"

"तोंडओळख. शेजारचा शेतकरी."

"काल दुपारी कुठे होता?"

"खड्ड्यात मोजमापं घेत होतो. बाजारचा दिवस, मजुरांना सुट्टी. मी एकटाच होतो."

अंबरीन चौथ्या खड्ड्यात उतरली. वरपासून खालपर्यंत भिंतींना तळहात लावत गेली. बाहेर आली तेव्हा तिचे हात पिठात बुडवल्यासारखे झाले होते.

रामप्रसादला तिने एवढंच विचारलं, "काल?"

"हसनाबादच्या बाजारात. धुतलेली कापडं घालून गेल्तो, बैल बघायला. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. इचारा कुणालाबी."

हवालदाराने विचारलं. ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबरीन गोजरबाईकडे गेली. "धान्याची चाळणी आहे?"

दोघी चारीच्या कडेला बसल्या. उपसलेली काळी ढेकळं फोडत, चाळत राहिल्या. ऊन डोक्यावर आलं. तेव्हा गोजरबाईचा हात थांबला. चाळणीत पिवळसर पांढरा तुकडा उरला होता. दोन इवलेसे पाय, त्यांत कोरलेले वाळे.

संध्याकाळ व्हायच्या आत अंबरीन तंबूत आली. सोबत हवालदार, पंच आणि रामप्रसाद.

"रामकिसन घसरून पडला नाही," ती म्हणाली. "त्याला मागून ढकललं. ढकलणाऱ्याचे हात पांढरीच्या मातीने भरलेले होते, ते सदऱ्यावर उमटले. रामकिसन स्वतः त्या मातीत जात नव्हता. मग असे हात कुणाचे? इथल्या मजुरांचे किंवा सरोदेसाहेबांचे. पण परवा काम बंद होतं. रामप्रसाद दिवसभर बाजारात होता. मोजमापं घ्यायला खड्ड्यात एकच माणूस होता, हे साहेबांनीच सांगितलं."

"माती वाऱ्यानेही उडते," सरोदे म्हणाले.

"उडते. पण तळहाताच्या आकाराने बसत नाही. आता मूर्ती. खड्ड्याच्या भिंती वरपासून तळापर्यंत पांढऱ्या आहेत. मूर्तीच्या वेणीत मात्र काळी माती आहे. पांढरीच्या पोटात ती कुठून आली?"

"पावसाच्या पाण्याने झिरपून..."

"मग भिंतीत एक कण तरी काळा दिसायला हवा होता." अंबरीनने रुमाल उलगडला. "हे रामकिसनच्या चारीत सापडलं. पेटी उघडा."

सरोदे जागचे हलले नाहीत. पंचांनी पेटी उघडली. तिने तुकडा मूर्तीच्या घोट्यांखाली नुसता धरला. भेग कुठे होती, ते कळेना.

"मूर्ती त्याला त्याच्या शेतात सापडली. तुम्ही जाणकार म्हणून त्याने ती विश्वासाने तुम्हाला आणून दिली. तुम्ही ती मजूर नसताना खड्ड्यात ठेवली आणि स्वतःच काढली. फोटो छापून आल्यावर त्याला कळलं. त्याने तुम्हाला शेतात बोलावलं. फोन कुणाला गेला, ते कंपनीकडून कळेलच. तुम्हीच सांगता का?"

सरोदे खुर्चीवर बसले.

"नांगरटीच्या शेतात सापडलेली वस्तू कुठूनही आलेली असू शकते," ते म्हणाले. "तिला मातीचा ठरावीक थर नाही, म्हणून काळ ठरत नाही. खड्ड्यात सापडली तर तो पुरावा. या टेकाडात मी उमेदीची वर्षं घातली. हाती काही लागलं नाही म्हणून काम बंद होणार होतं. मी त्याला म्हटलं, तुझं नाव टाकतो, गप्प बस. तो म्हणाला, 'नाव नगं सायेब. पर वस्तू जिथं घावली ते ठिकाण खरं सांगा. न्हाई तर मी सांगतो.' आणि वळला. पुढे विहीर आहे, हे मला दिसत होतं."

"वैनीवर आळ घेतला म्या," रामप्रसाद पुटपुटला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

सरोदेंना गाडीत बसवलं.

दोन दिवसांनी जबाबावर अंगठा द्यायला गोजरबाई ठाण्यात आली. काम झाल्यावर म्हणाली, "ते काय घावलं होतं, मी पाह्यलंच न्हाई."

अंबरीनने मूर्ती टेबलावर ठेवली. गोजरबाईने हात लावला नाही. बराच वेळ बघत राहिली.

"एवढीशीच व्हय?" ती म्हणाली.

"एवढीशीच."

"आता घरी सगळे रडायला येतील. माझ्यावर संशय होता तवर कुणी येत नव्हतं." तिने पदर सारखा केला. "मी हितं थोडी बसू का, म्याडम?"

"बसा."

अंबरीनने मूर्ती कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग दार लोटून घेतलं आणि समोरच्या बाकावर, गोजरबाईच्या शेजारी जाऊन बसली.