कल्लाप्पा अण्णांच्या खिशातला प्लग

"सहा... सात... आठ!"

क्षितिज ओरडून आकडे मोजत होता. कल्लाप्पा अण्णा याक विमानाचा लाकडी पंखा हाताने फिरवत होते. एक पातं खाली ओढायचं, मग दुसरं. नववं पातं अर्ध्यावरच अडलं.

"जोर लावा की अण्णा!" रक्षिता म्हणाली.

"जोर लावायचाच न्हाई!" अण्णांनी हात लगेच काढून घेतला. "इंजिन उभं राहिलं की तेल खालच्या सिलिंडरात उतरतंय. म्हणून चालू करायच्या आधी हातानं फिरवायचं. अडलं तर प्लग काढून तेल सोडायचं. तसंच दामटून चालू केलं तर आतला दांडा वाकतोय. वाकलेला दांडा आकाशात कवा मोडंल, सांगता येत न्हाई."

हे दोन आसनांचं रशियन विमान चाळीस वर्षांहून जुनं होतं. ते होतं गुरुराजकाकांचं, आणि कल्लाप्पा अण्णा त्याचे मेकॅनिक. काका राजाजीनगरला शलाका आणि क्षितिजच्या इमारतीतच राहायचे, रक्षिता समोरच्या घरात. सुट्टी लागल्यापासून काका तिघांना गाडीत घालून शहराबाहेरच्या या छोट्या धावपट्टीवर आणत. काकांना गुडघ्यांमुळे आता विमानात चढता येत नव्हतं. त्यांचा पुतण्या उपेंद्र ते उडवायचा. शनिवारी काकांचे जुने सहकारी येणार होते आणि उपेंद्र त्यांना एकेक करून फिरवून आणणार होता.

अण्णांनी खालच्या सिलिंडरचा प्लग काढला. काळं तेल भांड्यात गळलं. मग मुलांकडे पाठ करून ते बराच वेळ आत काहीतरी चाचपत राहिले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. त्यांनी तो प्लग पुसून सदऱ्याच्या खिशात टाकला.

"आज तुम्ही जावा. मलाबी अर्धा दिवस बाहेर काम हाय."

असं त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं!

"तुम्ही पाहिलंत?" शलाका दबक्या आवाजात म्हणाली. बारा वर्षांची शलाका या टोळीची पुढारी. "प्लग खिशात! याचे भाग रशियाहून मागवावे लागतात, काकाच म्हणाले होते!"

"म्हणजे अण्णा विकतात?" क्षितिजचे डोळे विस्फारले.

"चला, पाठलाग!"

काका तिघांना सोडून शहरात गेले होते, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं. अण्णा पुढच्या दाराने बसमध्ये चढले, हे तिघे मागच्या. दोन बस बदलून अण्णा चामराजपेटेत उतरले आणि एका गल्लीतल्या लेथच्या दुकानात शिरले. खांबाआडून तिघांनी पाहिलं. अण्णांनी खिशातून प्लग काढून दुकानातल्या बाईंच्या हातावर ठेवला!

"सापडला!" शलाकाने टाळी दिली. संध्याकाळी तिने काकांना सगळं सांगितलं. सांगताना तिला फार भारी वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी हँगरमध्ये काकांनी विचारलं, "कल्लाप्पा, प्लग कुठे आहे?"

"चामराजपेटेत हाय, साहेब."

"कशाला?"

अण्णांनी शेजारी उभ्या असलेल्या उपेंद्रकडे पाहिलं. "उद्या सांगतो. मोजल्याबिगर कुणाचं नाव घेत न्हाई मी."

"उद्या!" उपेंद्र हसला. "काका, मुलांनी डोळ्यांनी पाहिलंय!"

काकांचा आवाज कोरडा झाला. "हँगरची किल्ली ठेव, कल्लाप्पा."

अण्णांनी किल्ली टेबलावर ठेवली. "उद्या विमान वर नेऊ नका, साहेब. एवढं ऐका." मग त्यांची नजर मुलांवर गेली. ते रागावतील असं शलाकाला वाटलं होतं. पण ते नुसते पाहत राहिले, जणू या मुलांना ओळखायला वेळ लागतोय. मग डबा उचलून ते निघून गेले.

"चोराचा सल्ला!" उपेंद्र म्हणाला आणि नवा प्लग बसवायला लागला.

शलाकाला रात्री नीट झोप लागली नाही. "आपण तो प्लग परत आणूया," शनिवारी सकाळी ती म्हणाली. "पुरावा हातात आला की बरं वाटेल."

दुकान नुकतंच उघडलं होतं. दुकानाच्या मालकीण महानंदाक्का लेथ पुसत होत्या. मुलांनी प्लगबद्दल विचारताच त्या म्हणाल्या, "अण्णांनी पाठवलं का तुम्हाला? सरी, सरी, बरं झालं आलात! कालच न्यायला येणार होते." त्यांनी प्लग आणि एक चकचकीत पितळी वस्तू पुढे केली. प्लगच्या भोकात फिरवून बसेल अशी आट्यांची नळी आणि तिच्यातून सरकणारी, खुणा केलेली सळई.

"हे काय आहे?" क्षितिजने विचारलं.

"पिस्टन किती वर येतो ते मोजायचं. दांडा वाकला असेल तर पिस्टन कमी वर येतो. आटे नेमके जुळायला पाहिजेत, म्हणून प्लग नमुन्याला ठेवला होता. अण्णा म्हणाले, 'कुणीतरी न फिरवता इंजिन चालू केलंय असं वाटतंय, पण मापाशिवाय मालकाच्या माणसावर आळ कसा घेऊ?'"

शलाकाचे कान तापले.

"बुधवारी!" रक्षिता एकदम किंचाळली. "अण्णांची सुट्टी होती! मी उपेंद्रदादाचा व्हिडिओ काढला होता!"

तिघांची डोकी फोनवर वाकली. उपेंद्र गॉगल लावून ऐटीत येतो. पंख्याला हातही न लावता विमानात चढतो. पंखा अर्धा फिरतो आणि... थड्! अडतो. उपेंद्र पुन्हा चालू करतो. धुराचा लोट निघतो, इंजिन धडधडतं.

हा व्हिडिओ त्यांनी दहा वेळा पाहिला होता. पण धूर छान दिसतो म्हणून!

काका फोन उचलेनात. रिक्षाने तिघे धावपट्टीवर पोचले तेव्हा पाहुणे खुर्च्यांवर बसले होते, स्पीकरवर गाणी चालू होती आणि उपेंद्र हातमोजे चढवत होता.

"काका, विमान..." शलाका धावली.

"नंतर हं बाळ, पाहुणे आहेत," काका म्हणाले.

"ए, लुडबुड नको!" उपेंद्रने तिला बाजूला सारलं.

शलाकाने क्षणभर विचार केला आणि गोड हसली. "दादा, रक्षिताकडे तुझा इंजिन चालू करतानाचा व्हिडिओ आहे. हीरोच दिसतोस! पाहुण्यांना दाखवू?"

उपेंद्रची छाती फुगली. "दाखव की! स्पीकरला जोड, आवाज मस्त येईल!"

रक्षिताने फोन जोडला. पाहुणे कौतुकाने पुढे झुकले.

थड्!

सगळ्या धावपट्टीवर तो आवाज घुमला. काका ताडकन उठले, गुडघे विसरून.

"पुन्हा लाव."

थड्!

"उपेंद्र," काका हळू आवाजात म्हणाले, "पंखा हाताने फिरवला होतास?"

"घाई होती, काका... चालू झालं ना शेवटी!"

शलाकाने पितळी माप पुढे केलं. "अण्णांनी यासाठी प्लग नेला होता. आमचं चुकलं, काका."

काकांनी स्वतः खालच्या तिन्ही सिलिंडरांचे प्लग काढले. एका पाहुण्याने पंखा हळूहळू फिरवला. चौथा सिलिंडर ठीक. सहावा ठीक. पाचव्यात मात्र सळई तीन मिलिमीटर खालीच थांबली! दांडा वाकलेला होता. उपेंद्र मटकन खुर्चीत बसला. त्याने हातमोजे काढून ठेवले.

"मुलांनो, तुम्ही आज जीव वाचवलेत!" एक पाहुणे म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्षितिज हसलासुद्धा. शलाकाला मात्र त्या टाळ्या थांबाव्यात असं वाटत होतं.

दुपारी काका आणि मुलं बनशंकरीला अण्णांच्या खोलीवर गेली. अण्णा ट्रंक भरत होते. काकांनी सगळं सांगितलं, मग म्हणाले, "चुकलं माझं. परत ये, कल्लाप्पा. इंजिन उघडायचंय."

"उपेंद्र वाचला, बरं झालं." अण्णांनी सदऱ्याची घडी घातली. "पर मी निपाणीला लेकीकडं निघालोय, साहेब. 'विमान ठीक हाय' ह्या माझ्या सहीवर अठरा वर्षं तुम्ही उडला. एक दिवस थांबला न्हाईसा."

"अण्णा, तुम्ही चोर आहात असं मी म्हटलं," शलाका रडत म्हणाली. "मीच म्हटलं."

"ठावं हाय मला." अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू परत त्या दुकानात गेलीस. आणि खरं कळल्यावर लपवलं न्हाईस. शाबास, पोरी! लई लोक तेवढं करत न्हाईत."

"मग थांबाल ना?"

अण्णांनी मान हलवली. नाही.

संध्याकाळच्या बसला मुलांनी त्यांची ट्रंक चढवली. रविवारी इमारतीतल्या लोकांनी तिघांचा सत्कार केला. काकांनी त्यांच्या हुशारीचं भरभरून कौतुक केलं आणि शलाकाला बोलायला सांगितलं. हातातला गुच्छ खाली ठेवून तिने सगळी हकिगत सांगितली. सुरुवात व्हिडिओपासून केली नाही. खांबाआडून पाहिलं, न विचारता आरोप केला, तिथून केली.

टाळ्या वाजवायला आलेले हात मांडीवरच राहिले. मागच्या रांगेत काका खाली मान घालून बसले होते. शलाका त्यांच्याजवळ गेली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.